चौथं टिंब

रत्नागिरी जिल्ह्यातली एक निवासी शाळा, ऑगस्टमधली दुपार. पन्हळीचं पाणी अंगणातल्या जांभ्यावर आदळत होतं, वर्गात न वाळलेल्या कपड्यांचा वास होता आणि चौथीतली एक मुलगी ब्रेलमधला धडा मोठ्यानं वाचत होती. डावं बोट ओळीच्या सुरुवातीला टेकवलेलं, उजवं पुढे सरकणारं. "लाट भरून वाहत होता," असं वाचून ती अडली. बोट मागे नेलं, पहिलं अक्षर पुन्हा चाचपलं, पुन्हा 'लाट'च आलं. "बाई, होता की होती?" तिनं विचारलं. बाईंनी छापील पुस्तक काढून पाहिलं. तिथे 'पाट' होता. मुलीनं बरोबर वाचलं होतं; तिच्या कागदावर खरोखरच 'लाट' होती. तो प्रश्न तेव्हापासून मनातून गेलेला नाही, कारण त्या वाक्यात क्रियापदानं दगा उघड केला म्हणून चूक सापडली. जिथे वाक्याचं लिंग-वचन मदतीला येत नाही, तिथे काय होत असेल?

ब्रेलचं एक घर सहा टिंबांचं. डावीकडे वरून खाली १, २, ३ आणि उजवीकडे ४, ५, ६. 'प' म्हणजे १, २, ३, ४. त्यातलं उजवीकडचं वरचं, चौथं टिंब दबून खाली बसलं की उरतात १, २, ३, आणि तो 'ल' असतो. 'न'चं पाचवं टिंब गेलं की 'म' होतो, त्या 'म'चं चौथं गेलं की 'क'. नाळ, माळ, काळ. छापील पुस्तकातली शाई उडाली तर अक्षर पुसट दिसतं आणि वाचणारा सावध होतो. ब्रेलमध्ये टिंब बसलं की पुसट अक्षर उरत नाही, दुसरंच अक्षर तयार होतं आणि तेही अगदी स्पष्ट लागतं. आकड्यांत तर फारच वाईट. अंकचिन्हानंतर ७ म्हणजे १, २, ४, ५ आणि ४ म्हणजे १, ४, ५. दोन्हींतलं चौथं टिंब सपाट झालं की ७४ चे ८५ होतात. बेरीज मांडणाऱ्या मुलाला शंका यावी असं त्यात काहीच नाही. उत्तर चुकतं आणि गणित कच्चं असल्याचा शेरा मुलाच्या वहीत जातो.

जोडाक्षरांची गत आणखी नाजूक. भारती ब्रेलमध्ये, म्हणजे भारतीय भाषांसाठीच्या ब्रेलमध्ये, पाय मोडल्याची खूण व्यंजनाच्या आधी येते, आणि ती खूण म्हणजे एकटं चौथं टिंब. 'पुस्तक' लिहायचं तर प, उ, मग ते एकटं टिंब, मग स, त, क. हे एवढंसं टिंब गेलं की त्या जागी रिकामं घर उरतं, म्हणजे बोटाला तिथे शब्द संपल्यासारखा लागतो. 'पु' आणि 'सतक' असे दोन तुकडे पडतात. वाचायला नुकतं शिकलेलं मूल अशा तुकड्यांपाशी अडखळतं, पुन्हा मागे येतं, आणि पानावर अशा चार जागा आल्या की पुस्तक मिटतं.

सगळा मामला अर्ध्या मिलिमीटरचा आहे.

नव्या कागदावर टिंबाची उंची साधारण तेवढीच असते. दोन शेजारच्या टिंबांत अडीच मिलिमीटर, एका घरापासून दुसऱ्या घरापर्यंत सहा, एका ओळीपासून दुसऱ्या ओळीपर्यंत दहा. कागद जाड लागतो, १४० ते १६० ग्रॅमचा. एम्बॉसरची, म्हणजे ब्रेल उठवणाऱ्या यंत्राची, पिन किंवा हातातली टोचणी कागदाचे तंतू ताणून वर उचलते आणि कागद कोरडा असेल तर ते ताणलेले तंतू तसेच राहतात. कोकणात वर्षाला ३००० मिलिमीटरहून जास्त पाऊस पडतो आणि जून ते सप्टेंबर हवेतलं पाणी घरातल्या प्रत्येक वस्तूत शिरतं. कागद सादळलेल्या पापडासारखा लुळा पडतो, तंतू फुगतात, सैल होतात आणि टिंब खाली बसायला लागतं. त्यावर वजन असेल तर लवकर बसतं. बोटाचा दाबही कमी नसतो; न लागणारं अक्षर मूल जास्त जोरानं चाचपतं, त्यामुळे अर्धवट बसलेलं टिंब त्याच वाचनात पुरतं संपतं.

आणि नेमक्या याच ठिकाणी चांगल्या मनाची माणसं नुकसान करतात. पुस्तक भिजलं की त्याला दाबून ठेवायचं, वर पाटा किंवा ट्रंक ठेवायची, ही आपल्याकडची जुनी सवय. पानं सरळ व्हावीत म्हणून इस्त्री फिरवणारेही असतात. ब्रेलच्या पुस्तकाला हे दोन्ही उपाय मारक आहेत. ओलावलेला खंड उभा ठेवावा, पानं पंख्यासारखी उघडावीत, सावलीत आणि फिरत्या हवेत दोन-तीन दिवस ठेवावा. कडक उन्हात ठेवला तर पान आधी वाकडं होतं आणि मग कडक होतं. कपाटात खंड कायम उभे असावेत, आडवे कधीच नकोत. ओळीत इतके सैल नकोत की कलंडतील, आणि इतके घट्टही नकोत की काढताना ओढावे लागतील. बांधणी करताना कण्याच्या बाजूला जाड पुठ्ठ्याच्या अरुंद पट्ट्या घालाव्या लागतात, कारण टिंबांमुळे पानांची थप्पी मध्ये फुगते आणि कणा बारीक राहतो. पट्ट्या नसल्या तर मिटलेलं पुस्तकच स्वतःची टिंबं दाबत राहतं. वर्गणीतून केलेल्या कित्येक बांधण्यांत या पट्ट्या विसरलेल्या असतात.

कपाट भिंतीला टेकवू नये, वीतभर पुढे ठेवावं. जांभ्याची भिंत पावसाळाभर घाम गाळत असते. लोखंडी कपाटात खालच्या खणात ४० वॅटचा जुना पिवळा दिवा जाळीत बसवून संध्याकाळी लावला तर आतली हवा कोरडी राहते. कागद आणि दिवा यांत हातभर अंतर हवं, आणि रात्री तो मालवायची जबाबदारी एका ठरावीक माणसाकडे हवी. कडुलिंबाचा पाला पूर्ण वाळलेलाच घालावा, नाहीतर तोच बुरशी आणतो. कसर खळीवर येते, म्हणून पिठाची खळ बांधणीत वापरू नये. चुलीवरचा माळा कोरडा असतो म्हणून तिथे खंड चढवणाऱ्यांची अक्कल चुकीची नाही, पण धुराचा चिकट थर पानांवर बसतो आणि बोट सरकत नाही. बोट सरकणं फार महत्त्वाचं. मे महिन्यात फणस खाऊन आलेल्या मुलाच्या बोटांना चीक असतो, तो काढायला खोबरेल चोळलेलं असतं, आणि मग तेच बोट पानावर फिरतं. तेलानं कागद मऊ पडतो, त्यावर धूळ चिकटते, पुढच्या पावसात बुरशीला जागा मिळते. वाचनाच्या टेबलाशेजारी साबण, पाणी आणि कोरडा पंचा एवढं असलं तरी पुस्तकाचं आयुष्य वर्षा-दोन वर्षांनी वाढतं, असं मला ठामपणे वाटतं.

ज्यांनी एम्बॉसर देणगी दिला त्यांच्याविषयी कृतज्ञता असतेच. पण देणगीच्या फलकाखाली कागदाचा हिशेब कुणी लिहीत नाही. सलग घडीच्या कागदाच्या दोन्ही कडांना भोकं असतात, यंत्राचे दात त्यांत अडकून कागद पुढे ओढतात. सादळलेल्या कागदाची ती भोकं फाटतात, कागद तिरका जातो, ओळी एकमेकींवर चढतात. यंत्र बिघडलं म्हणून मुंबई-पुण्याहून माणूस बोलावला जातो आणि यंत्रात काहीच सापडत नाही. कागदाचा गठ्ठा प्लास्टिकमध्ये बंद ठेवावा, लागेल तेवढाच काढावा, उरलेला पुन्हा बांधावा. आणि खरा उपाय म्हणजे पुस्तकं जानेवारी ते मे या कोरड्या महिन्यांतच काढून ठेवायची. पावसाळ्यात फक्त सुटी पानं आणि प्रश्नपत्रिका.

त्याच्या आधीचं काम डोळ्यांचं आहे आणि तेच सगळ्यांत जास्त वेळ खातं. बालभारतीची पुस्तकं पीडीएफमध्ये मिळतात. पुस्तक ब्रेलमध्ये करायला लागणाऱ्या परवानगीचा अडसर २०१२ च्या कॉपीराइट कायद्यातल्या दुरुस्तीनं दूर केला, आणि अंधांना वाचता येतील अशा प्रती करू देणाऱ्या आंतरराष्ट्रीय मराकेश कराराला २०१४ मध्ये मान्यता देणारा भारत पहिला देश होता. कायद्याची बाजू इतकी चांगली असूनही पीडीएफमधून मजकूर उचलला की जुन्या फॉन्टमुळे नुसता कचरा हाती येतो. मग स्कॅन करून मजकूर ओळखायला लावायचा, किंवा सरळ टंकायचा. ओळखताना संगणक अनुस्वार गाळतो, रफार शेजारच्या अक्षरावर टाकतो, 'घ'चा 'ध' आणि 'भ'चा 'म' करतो. 'दुसऱ्या'मधला 'ऱ्य' तर हटकून चुकतो. हा मजकूर युनिकोडमध्ये स्वच्छ झाल्याशिवाय ब्रेलमध्ये घालू नये, कारण नंतर चूक शोधणं दसपट कठीण जातं.

संगणक ब्रेल करून देतो, तरी काही जागा माणसानंच पाहायच्या असतात. अंकचिन्ह म्हणजे ३, ४, ५, ६, आणि 'ण'ही तोच. मराठीत शब्दाच्या सुरुवातीला 'ण' येत नाही म्हणून निभावतं. पण '४ब' असं जोडून लिहिलं असेल तर अंकचिन्हापुढचा 'ब' २ म्हणून वाचला जातो आणि तुकडी ४२ होते. मध्ये जागा सोडावी लागते. 'मऊ' लिहिताना म आणि ऊ यांच्यामध्ये 'अ' घालावा लागतो, नाहीतर बोट 'मू' वाचतं. ऱ्हस्व वेलांटी मात्र ब्रेलमध्ये सरळमार्गी आहे, ती अक्षरानंतरच येते, छापील अक्षरासारखी आधी नाही. हे सगळं झाल्यावर तपासणी दोघांनी करायची: एक डोळस माणूस छापील पुस्तकातून मोठ्यानं वाचतो, एक ब्रेल जाणणारा माणूस बोटानं पाठोपाठ जातो. दोघंही डोळस असतील आणि पडद्यावरची टिंबं बघून 'बरोबर आहे' म्हणत असतील, तर ती तपासणी झालेलीच नाही.

चित्रांपाशी आलं की बहुतेकांचा धीर सुटतो. पहिलीच्या पुस्तकात 'चित्र पाहा, गोष्ट सांगा' असतं आणि ब्रेलच्या प्रतीत तिथे नुसतं 'चित्र' एवढाच शब्द येतो. असं पान मुलाला मिळू नये. चित्रात काय आहे ते दोन ओळींत लिहिता येतं. आणि ज्याचा आकार कळायलाच हवा, तो उठावात करता येतो. नकाशाचंच घ्या. रत्नागिरी जिल्ह्याचा छापील नकाशा जसाच्या तसा उचलला तर बोटाखाली नुसता गोंधळ लागतो. त्यातून किनारा, सह्याद्री आणि बाणकोट, दाभोळ, जयगड या तीन खाड्या एवढंच ठेवायचं. रस्ते आणि रेल्वे दुसऱ्या पानावर. किनाऱ्याला बारीक सुतळी, डोंगराला जाड दोरा, समुद्राला बारीक पॉलिश पेपर. दोन रेषांत निदान तीन मिलिमीटरचं अंतर, नाहीतर त्या एकच लागतात. गावांची नावं नकाशात कोंबायची नाहीत. एक-एक अक्षर द्यायचं आणि खुलासा समोरच्या पानावर. नकाशा दोन तळव्यांखाली मावेल एवढाच. शिंप्याकडचं दातेरी चाक वापरून रेषा काढायची असेल तर कागद रबरी चटईवर उलटा ठेवून मागच्या बाजूनं चाक फिरवावं लागतं, म्हणजे नकाशा आधी आरशातल्यासारखा उलटा काढायला हवा. ते विसरलं की कागद सुलटा केल्यावर अरबी समुद्र कोकणाच्या पूर्वेला येतो. आणि किनाऱ्यावर वाढलेल्या मुलाला ते लगेच कळतं, कारण संध्याकाळचं ऊन कोणत्या अंगाला लागतं हे त्याला ठाऊक असतं.

अगदी लहान मुलांसाठी वस्तूंची पुस्तकं करता येतात आणि कोकणात त्यांचा कच्चा माल आवारातच पडलेला असतो. पोफळीची विरी, काथ्या, शिंपले, सुंभ, माडाच्या झावळीचा हीर. जाड पुठ्ठ्याच्या पानावर एक वस्तू, खाली ब्रेलमध्ये एक शब्द आणि त्याच्याच वर मोठ्या टाइपात तोच शब्द, म्हणजे आईलाही सोबत वाचता येतं. वस्तू डिंकानं चिकटवू नयेत, पावसात डिंक सुटतो, दाभणानं शिवाव्यात. शिंपले गोड्या पाण्यात दोन-तीनदा भिजवून धुवावेत. समुद्राचं मीठ राहिलं तर ते हवेतलं पाणी ओढतं आणि शिंपल्याखालचं पान कायम ओलसर राहतं. विरीच्या कडा घासून घ्याव्यात, त्या बोट कापतात. 'शाळेत घाला' म्हणून मूल चार वर्षांचं असताना पहिल्यांदा दार ठोठावणाऱ्या आईबापांच्या हाती असं एक पुस्तक द्यायला हवं, असं फार वाटतं. अक्षरओळख त्याच वयात बोटांतून सुरू होऊ शकते.

आता कुणीही विचारतं, फोनवर सगळं ऐकता येतं, मग हा खटाटोप कशाला? ऐकण्याचा फायदा मोठा आहे, तो नाकारण्यात अर्थ नाही. २०१६ पासून सुगम्य पुस्तकालय हे ऑनलाइन ग्रंथालय आहे, डेझी या ऐकायच्या पुस्तकांच्या स्वरूपात पुस्तकं मिळतात, मोठ्या मुलांना इतिहासाचे लांब धडे ऐकणं सोपं जातं. पण ज्याला 'दिन' आणि 'दीन' कानानं सारखेच लागतात, त्याला शुद्धलेखन कुठून यावं? ब्रेलमध्ये 'इ' म्हणजे २ आणि ४, 'ई' म्हणजे ३ आणि ५. तोच तिरपा आकार, एक पायरी खाली. बोटाला हा फरक शिकवावा लागतो, पण एकदा कळला की कळला. गणिताचं उदाहरण ऐकून सोडवणं तर शिक्षाच आहे. मधला आकडा पुन्हा हवा तर सगळं मागे न्यायचं. आणि ३ जून २०२० ला निसर्ग वादळ आलं तेव्हा दापोली-मंडणगडच्या कितीतरी वाड्या आठवडेच्या आठवडे विजेविना होत्या. फोन बंद, रेडिओ बंद. ब्रेलला दिवाही लागत नाही. पिना वरखाली करून ब्रेलची एक ओळ उठवणारं, २० घरांचं ऑर्बिट रीडर हे यंत्र फोन आणि कागद या दोन्हींच्या मधला मार्ग आहे, एका कार्डात कपाटभर पुस्तकं मावतात. मात्र खारी हवा आणि घामट बोटांची धूळ पिनांत गेली की टिंब अडकतं, आणि अडकलेलं टिंब बसलेल्या टिंबाइतकंच फसवं असतं. वापर नसेल तेव्हा ते डब्यात, सिलिका जेलच्या पुडीसोबत ठेवावं.

ज्यांना थोडं दिसतं त्यांची आठवण कुणी ठेवत नाही. अंध शाळेतल्या बऱ्याच मुलांना मोठी, काळी, ठळक अक्षरं वाचता येतात. २० ते २४ पॉइंटचा टाइप, चकाकी नसलेला कागद, ओळींत मोकळी जागा, एवढ्यावर त्यांचं काम भागतं. त्यांना सरसकट ब्रेलच्या बाकावर बसवणंही बरोबर नाही आणि नजर क्षीण होत चाललेल्या मुलाचं ब्रेल लांबवणंही नाही.

राहिला प्रश्न वेळेचा. शाळा जूनच्या मध्यावर उघडते. डोळस भावंडाच्या दप्तरात पहिल्या दिवशी नवं पुस्तक असतं आणि अंध मुलाला ते गणपती गेल्यावर, कधी दिवाळी गेल्यावर मिळतं. तोपर्यंत बाई वाचून दाखवतात, मुलं पाठ करतात. सबंध पुस्तक एकदम काढायचा हट्ट सोडला तर हे टळतं. एप्रिलमध्ये प्रत्येक विषयाचे पहिले दोन-तीन धडे काढायचे आणि सुट्या कड्यांच्या बांधणीत द्यायचे, पुढचे धडे मागून जोडायचे. कड्यांची बांधणी दुसऱ्याही कारणासाठी हवी. पावसाळा संपला की नववी-दहावीतल्या सराईत वाचकांनी खालच्या वर्गाचे खंड बोटांखालून घालावेत, बसलेल्या पानांचे क्रमांक सांगावेत, आणि जपून ठेवलेल्या फाइलमधून तेवढीच पानं नव्यानं काढून बदलावीत. पुस्तक टाकून द्यावं लागत नाही. या कामाचे त्या मुलांना पैसेही द्यावेत. मुद्रितशोधन हा व्यवसाय आहे आणि यात त्यांच्याइतकं तरबेज कुणी नाही.

छापील एका पानाची ब्रेलमध्ये दोन ते तीन पानं होतात, म्हणून एका पुस्तकाचे अनेक खंड पडतात. खंड ८० पानांहून जाड करू नये. अकरा इंच बाय साडेअकरा इंचाचं, १४० ग्रॅमच्या कागदाचं एक पान साधारण साडेअकरा ग्रॅम भरतं, म्हणजे ८० पानं आणि पुठ्ठे मिळून एक किलो. सात-आठ वर्षांच्या मुलाला तेवढं दप्तरात नेता येतं. गणपतीला घरी जाताना पुस्तक सोबत जायला हवं. पण वर्गात मिळून एकच प्रत असली की ती शाळेतच अडकते. घरी खंड खुंटीला कापडी पिशवीत टांगावा, जमिनीवर किंवा पलंगाखाली नको. आणि सुट्टीत पुस्तक पोचवायला टपाल आहे. अंधांच्या साहित्याच्या सात किलोपर्यंतच्या पाकिटाला टपालखर्च पडत नाही; वर तसं ठळक लिहायचं आणि तपासायला उघडता येईल असं बांधायचं, चिकटपट्टीनं सील करायचं नाही. पावसाळ्यात आत प्लास्टिकची पिशवी, चारी कोपऱ्यांना पुठ्ठा, खंड उभे. पाकीट आडवं आपटलं तरी मधली पानं वाचतात.

बहुतेक पाकिटांत सात किलोंचे सातही खंड अभ्यासाचे असतात. मराठीतलं पहिलं ब्रेल पाक्षिक 'स्पर्शज्ञान' स्वागत थोरात यांनी २००८ मध्ये सुरू केलं, तेव्हापासून बातम्या आणि लेख बोटांखाली येऊ लागले. लहान मुलांच्या गोष्टी अजून फार थोड्या येतात. पाकीट बांधताना अभ्यासाचे सहाच खंड घालावेत आणि सातवा गोष्टींचा घालावा, ज्यावर परीक्षा नाही आणि जो परत मागायचा नाही.